पुढच्यास ठेच; मागच्याचे काय?

मराठी भाषेने रोगाच्या फैलावास 'साथ' हा शब्द योजून एक शास्त्रीय सत्य फार पूर्वीच सांगून ठेविले आहे. साथ म्हणजे सोबत. रोग स्वतःच्या पायांनी चालत नाही. तो माणसाच्या सोबतीने निघतो, माणूस ज्या वाटेने जातो त्याच वाटेने जातो आणि माणसे जेथे दाटीने राहतात, जमतात वा राबतात तेथे मुक्काम ठोकतो. कोविड-१९ च्या पहिल्या काही महिन्यांचा नकाशा आज पुन्हा समोर ठेवून पाहिला म्हणजे या शब्दाची यथार्थता पटते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर तिच्याविषयी बोलणेही लोकांस नकोसे झाले. ज्या घरांतून माणसे गेली त्यांनी विसरण्याचा प्रयत्न करावा हे समजण्यासारखे आहे. पण समाजाने आणि शासनाने विसरावे हे परवडणारे नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ज्या गोमंतकाने स्वतःस सुरक्षित मानले आणि २०२१ च्या मे महिन्यात त्याची जबर किंमत मोजली, त्यास तरी हा नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकता येणार नाही.

त्या नकाशात काही प्रदेश लालभडक होते, काही पिवळे आणि काही हिरवेगार. लाल म्हणजे गाफील, हिरवे म्हणजे शहाणे, असा सोपा अर्थ त्या वेळी लावला गेला. जगभर लावला गेला, आपल्याकडेही लावला गेला. साथीच्या पहिल्या पर्वातील हे रंग गुणांचे वा दोषांचे निदर्शक नव्हतेच. कोणाचा संबंध जगाशी किती, कोणाकडे वस्ती किती दाट, आणि कोण किती तपासतो, एवढेच ते सांगत होते. हा भेद ज्यांनी ओळखला त्यांनी मिळालेला अवधी कारणी लावला. ज्यांनी ओळखला नाही त्यांच्या दाराशी रोग उशिरा आला, पण आला तो मोठ्या जोमाने.

आरंभ चीनपासून करू. हुबेई प्रांतातील वूहान हे सुमारे १ कोटी १० लाख वस्तीचे शहर म्हणजे यांगत्से नदीच्या काठावरील रेल्वेचे मोठे केंद्र. देशाच्या चारी दिशांच्या गाड्या तेथून जातात. शासनाने २३ जानेवारी २०२० रोजी या शहराच्या सीमा बंद केल्या. चांद्र नववर्षाचा सण दोनच दिवसांवर आला होता. आपल्याकडे चतुर्थीला जशी माणसे गावाकडे धाव घेतात तशीच चिनी माणसे या सणाला घरी जातात. बंदीपूर्वीच सुमारे ५० लाख लोक शहराबाहेर पडले होते, असे खुद्द महापौरांनी नंतर सांगितले. तरीदेखील मार्चअखेर चीनमध्ये नोंदल्या गेलेल्या सुमारे ८१ हजार रुग्णांपैकी जवळजवळ ६८ हजार एकट्या हुबेईतील होते. याचे कारण इतर प्रांतांतील माणसे अधिक काटक होती असे नव्हे. रोग तेथे पोचला तेव्हा तो ओळखीचा झाला होता आणि त्यास अटकाव करण्याची यंत्रणा आधीच उभी राहिली होती. वूहानच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. पहिली ठेच त्याला लागली.

इटलीतील चित्र याहूनही बोलके आहे. २० फेब्रुवारी २०२० च्या रात्री लोम्बार्दी प्रांतातील कोदोन्यो या लहानशा गावी एका तरुण रुग्णाला हा रोग असल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या व्हेनेतो प्रांतातील व्हो या गावी इटलीतील पहिला मृत्यू नोंदला गेला. दोन्ही प्रांत लगतचे, दोन्ही संपन्न, दोन्ही उद्योगप्रधान. परंतु पुढील दोन महिन्यांत लोम्बार्दीची जी दैना झाली ती व्हेनेतोची झाली नाही. लोम्बार्दीची आरोग्यव्यवस्था मोठ्या रुग्णालयांभोवती गुंफलेली होती. आजारी माणूस रुग्णालयात धावला आणि रुग्णालयच रोगाचे आगर बनले. व्हेनेतोत घरोघरी जाऊन तपासणी करण्यावर भर राहिला. व्हो गावच्या सुमारे ३,३०० रहिवाशांपैकी बहुतेक सर्वांची तपासणी करण्यात आली. पहिल्या फेरीत २.६ टक्के लोक बाधित आढळले, आणि त्यांतील ४० टक्क्यांहून अधिकांस कोणतेही लक्षण नव्हते. धडधाकट दिसणारा माणूसही रोग वाहून नेतो ही गोष्ट त्या लहानशा गावाने साऱ्या जगाला आकड्यांनिशी दाखविली.

लोम्बार्दीतील बेर्गामो हे नाव त्या वसंतऋतूत जगभर पोचले. १८ मार्चच्या रात्री शवपेट्यांनी भरलेल्या लष्करी मोटारींची रांग त्या शहराच्या रस्त्यांवरून गेली, ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरू शकले नाहीत. इटलीच्या सांख्यिकी संस्थेने काढलेल्या हिशेबाप्रमाणे २०२० च्या मार्चमध्ये बेर्गामो प्रांतातील मृत्यू मागील पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ५६८ टक्क्यांनी अधिक होते. त्याच महिन्यात, रोग फारसा न पसरलेल्या आणि बहुतांशी मध्य व दक्षिण इटलीतील प्रदेशांत मृत्यूंचे प्रमाण नेहमीपेक्षा किंचित कमीच भरले. एकच देश, एकच शासन, एकच महिना. आणि उत्तर-दक्षिणेत एवढे अंतर! दक्षिणेचे ऊन, दक्षिणेचे अन्न, दक्षिणेची प्रकृती अशी नाना कारणे त्या वेळी पुढे आली. खरे कारण साधे होते. युरोपातील व्यापारउदिमाची वर्दळ उत्तरेत होती, आणि देशव्यापी बंदी १० मार्चला लागू झाली तेव्हा रोग दक्षिणेत नुकताच पाऊल टाकीत होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत दुसरी लाट आली तेव्हा नेपल्स ज्या प्रांतात आहे तो कांपानिया प्रांत १५ नोव्हेंबरला 'लाल' ठरला. कालाब्रिया या दक्षिण टोकाच्या प्रांतावर तर त्याआधीच, ६ नोव्हेंबरला, कडक निर्बंध आले. तेथे रुग्ण तुलनेने थोडे होते, पण रुग्णालयेच दुबळी होती. वसंतात हिरवा असलेला हा प्रांत शरदात लाल व्हावयास रुग्णांची गर्दीही लागली नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात त्रिशूर येथे नोंदला गेला. वूहानमध्ये शिकणारी ती विद्यार्थिनी होती. केरळचा माणूस जगभर शिकतो, नोकरी करतो आणि परत घरी येतो. म्हणून रोगाचे पहिले पाऊल तेथे पडले. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात आढळले, ते दुबईहून परतलेले होते. हैदराबादेतील पहिला रुग्णही दुबईला जाऊन आलेला होता. त्यानंतर मुंबई, दिल्ली, अहमदाबाद, चेन्नई अशी महानगरे एकामागून एक पेटत गेली. मध्य प्रदेशात, जेथे आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, त्या इंदूर शहराने तर एप्रिलअखेर राज्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांचा भार वाहिला. माळव्यातील हे व्यापारी शहर दाट पेठांचे आणि सदैव वर्दळीचे. त्या वर्दळीवरच ते मोठे झाले आणि त्या वर्दळीनेच ते प्रथम सापडले.

मुंबईत धारावीतील पहिला रुग्ण १ एप्रिलला नोंदला गेला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे राहतात अशा त्या वस्तीत काय अनर्थ घडेल या कल्पनेने सारे धास्तावले. परंतु महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी, स्थानिक खाजगी डॉक्टरांनी आणि रहिवाशांनी मिळून घरोघर शोध घेण्याचा, संशयितांना शाळांतून व सभागृहांतून वेगळे ठेवण्याचा जो उद्योग केला त्यामुळे जुलैपर्यंत धारावीची साथ आटोक्यात आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिचा गौरवाने उल्लेख केला. तरीही चित्राची दुसरी बाजू आहे. मुंबईच्या तीन प्रभागांत जुलै २०२० मध्ये सुमारे ७ हजार लोकांचे रक्त तपासले गेले. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना रोग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या; इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. एकाच प्रभागातील, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची ही तफावत आहे. साथीचा नकाशा देशादेशांत आणि प्रांताप्रांतांत बदलतो हे खरे, पण तो गल्लीगल्लीत सर्वांत अधिक बदलतो. सामायिक नळ आणि सामायिक शौचकूप असलेल्यांना अंतर राखण्याचा उपदेश करणे सोपे आहे. राखावयाचे अंतर त्यांच्यापाशी असावे लागते.

याच रक्ततपासणीतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. नोंदलेले रुग्ण हे प्रत्यक्ष बाधितांचा एक लहानसा अंश होते. ज्या राज्याने अधिक तपासले ते अधिक आजारी दिसले. ज्याने थोडे तपासले ते निरोगी भासले. पहिल्या आठवड्यांत देशभर तपासणीच्या सोयी मोजक्याच होत्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर त्यांचा मोठा भार होता. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेमुळे देशाची अब्रू राखली गेली. गोव्यातील नमुनेही आरंभी पुण्यालाच पाठवावे लागत. अशा स्थितीत कोणत्याही प्रदेशाच्या आरंभीच्या आकड्यांवरून त्याच्या आरोग्याचा निष्कर्ष काढणे म्हणजे दिवा न लावता खोलीत साप नाही म्हणण्यासारखे होते.

या पार्श्वभूमीवर गोव्याचा वृत्तान्त पाहण्यासारखा आहे. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू गोव्यात पुढेही लांबविण्यात आला. पाठोपाठ देशव्यापी टाळेबंदी आली. २५ मार्चला राज्यातील पहिले तीन रुग्ण नोंदले गेले. ते स्पेन, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथून परतलेले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ही संख्या सातवर गेली आणि तेथेच थांबली. १९ एप्रिलपर्यंत सातही जण बरे झाले. महिनाअखेर केंद्र शासनाने गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरव्या यादीत घातले. विमाने बंद, गाड्या बंद, सीमा बंद अशा त्या दिवसांत एका लहान राज्याने रुग्ण हुडकून काढले, त्यांचे सहवासी वेगळे ठेवले आणि साखळी तोडली. या कामगिरीचे श्रेय डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवकांना द्यावयासच हवे. ते आम्ही मोकळ्या मनाने देतो.

पण या यशाचा जो अर्थ लावला गेला तो घातक ठरला. गोवा सुरक्षित, गोवा निर्मळ, गोवा हिरवा असा घोष सुरू झाला. त्या घोषात एक साधी गोष्ट बुडून गेली. दारे बंद होती म्हणून घरात कोणी शिरले नव्हते, आणि दारे कायमची बंद ठेवता येत नव्हती. गोव्याची चूल बेळगावच्या भाजीवर आणि घाटावरच्या दुधावर पेटते, हे मार्चच्या त्या अखेरच्या आठवड्यात प्रत्येक गृहिणीने अनुभवले. चोर्ला घाटातून आणि अनमोडमार्गे येणाऱ्या मालमोटारी थांबल्या तेव्हा राज्याच्या बाजारांतील टोपल्या रित्या झाल्या. पर्यटन, बंदर, खाणी, मासेमारी, बांधकाम यांपैकी एकही धंदा बाहेरच्या माणसावाचून चालत नाही. ज्याचे सारे जीवन ये-जा करण्यावर उभे, त्याने ये-जा थांबल्याच्या काळातील आरोग्याला आपला स्वभावगुण मानावे, याला काय म्हणावे?

मेच्या मध्यास रस्त्याने आणि रेल्वेने माणसे येऊ लागली आणि त्यांच्या तपासणीत पुन्हा रुग्ण आढळू लागले. १ जूनच्या सुमारास वास्को येथील मांगूर हिल ही वस्ती प्रतिबंधित क्षेत्र ठरली. बंदराच्या आश्रयाने वाढलेली, कष्टकऱ्यांची, खेटून उभ्या घरांची ही वस्ती. जूनअखेर राज्यातील रुग्णांची एकूण संख्या तेराशेच्या वर गेली. २२ जूनला राज्यात या रोगाचा पहिला बळी नोंदला गेला, तो सत्तरी तालुक्यातील एका खेड्यातला. सातवरून तेराशेवर जाण्यास जेमतेम दीड महिना लागला. २०२० हे वर्ष संपले तेव्हा गोव्यातील बळींची संख्या सातशेच्या पुढे गेलेली होती. लोकसंख्येच्या मानाने मोजल्यास हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या सुमारे चौपट होते. एप्रिलचा हिरवा रंग डिसेंबरात कोठे शोधूनही सापडला नसता.

साथीच्या नकाशाचा असा चुकीचा अर्थ लावला म्हणजे त्यामागून दुसरा अनर्थ आपोआप येतो. तो म्हणजे दोषी शोधण्याचा. आपला प्रदेश स्वभावतः शुद्ध आहे असे एकदा ठरले की रोग नेहमी दुसऱ्यानेच आणलेला असतो. मांगूर हिलच्या रहिवाशांकडे लोक संशयाने पाहू लागले. ज्यांच्या परदेशी कमाईवर गोव्यातील कितीतरी घरे उभी राहिली ते खलाशी एप्रिलमध्ये जहाजांवर अडकून पडले होते. काही तर मुंबईच्या किनाऱ्याशी येऊन ताटकळत होते, आणि त्यांना परत आणण्यास विरोध करणारे आवाज याच भूमीत उठले. दोडामार्ग-सावंतवाडीहून रोज गोव्यात कामाला येणारे तरुण सीमेवर अडले. तिकडे कोकणात मुंबईचा चाकरमानी, ज्याच्या मनिऑर्डरीवर वाडी जगली, तो मे महिन्यात गावाला निघाला तेव्हा कित्येक गावांनी रस्त्यात दगड आणि झाडे टाकून वाट अडविली. त्याच वर्षी चतुर्थीला, २२ ऑगस्टपूर्वी, त्याने किती दिवस आधी यावे आणि किती दिवस वेगळे राहावे यावरून वाद रंगले. आपल्या गावांत शिवेवरच्या राखणदाराला नारळ ठेवण्याची परंपरा आहे. पण राखण करणे निराळे आणि आपल्याच लेकराला शिवेबाहेर उभे करणे निराळे.

किनाऱ्याच्या दक्षिणेस याहून कठोर प्रकार घडला. केरळातील कासारगोड जिल्ह्यात मार्चअखेर रुग्ण वाढले तेव्हा कर्नाटकाने तलपाडीची सीमा बंद केली. कासारगोडच्या उत्तर भागातील लोकांना जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे मंगळूरचे. इतर आजारांचे रुग्णही तेथे पोचू शकेनात. हे प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रुग्णांना वाट मिळण्याची व्यवस्था ठरली. सीमाभागातील मराठी वाचकास हे सांगावयास नको. राज्याची सीमा नकाशावर असते. आजाऱ्याची सोय मात्र जवळच्या रुग्णालयाशी बांधलेली असते. सिंधुदुर्गातील रुग्णाला ओरोसपेक्षा बांबोळी जवळची वाटते ती काही उगीच नव्हे.

परक्यावर आळ घेणे न्यायाच्या दृष्टीने जसे वाईट तसे रोगनिवारणाच्या दृष्टीनेही निरुपयोगी असते, याचे एक उदाहरण इटलीतच आहे. तोस्काना प्रांतातील प्रातो शहरी चिनी वंशाच्या हजारो लोकांची वस्ती आहे. साथीच्या आरंभी त्यांच्याकडेच बोट दाखविले गेले. प्रत्यक्षात नववर्षाचा सण करून परतलेल्या त्या लोकांनी कोणी सांगण्यापूर्वीच स्वतःस घरात कोंडून घेतले, आणि त्या शहरातील रोगाचे प्रमाण इटलीच्या सरासरीपेक्षा कमी राहिले. ज्यांच्यावर आळ आला होता त्यांचेच अनुकरण इतरांनी करावे अशी पाळी आली.

इतिहास चाळला असता तरी हे सारे दिसले असते. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाची साथ जूनमध्ये मुंबईच्या गोद्यांतून शहरात शिरली. महायुद्धाहून परतणारी सैनिकांची जहाजे तेथे लागत. ती पहिली लाट त्या मानाने सौम्य होती आणि लवकरच ओसरली. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती भयंकर. एकट्या ६ ऑक्टोबरला मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आगगाडीच्या रुळांवरून रोग देशभर गेला. मुंबई इलाखा व मध्य प्रांत यांची जेवढी हानी झाली तेवढी बंगाल वा मद्रासची झाली नाही. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि अर्धपोटी माणसांवर रोगाने घाला घातला. मुंबई शहरात तर कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांच्या सातपटीहून अधिक होते. पहिली लाट ओसरल्यावर निश्चिंत होऊ नये, आणि रोगाचा नकाशा हा दारिद्र्याचाही नकाशा असतो, हे दोन्ही धडे आपल्याच किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेविलेले होते.

२०२१ च्या मे महिन्याविषयी फार लिहू नये असे वाटते, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. विषाणूचे डेल्टा हे अधिक वेगाने पसरणारे रूप तेव्हा देशभर थैमान घालीत होते, हे खरे. परंतु त्या वर्षाच्या आरंभी महाराष्ट्रात रुग्ण वाढू लागल्याचे दिसत असताना आपल्याकडे पर्यटनाचा हंगाम भरात होता. एप्रिलात पाच नगरपालिकांची निवडणूक पार पडली. मेच्या पहिल्या आठवड्यात राज्यात तपासलेल्या दर दोन नमुन्यांपैकी जवळजवळ एक बाधित निघू लागला आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक ठरले. बांबोळीच्या गोमेकॉत खाटा अपुऱ्या पडल्या, रुग्ण जमिनीवर निजले, प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, आणि प्राणवायूअभावी कोणी दगावता कामा नये हे न्यायालयास बजावावे लागले. त्या एका महिन्यात हजाराहून अधिक माणसे या लहानशा राज्याने गमावली. पंधरा लाखांच्या वस्तीत हजार माणसे म्हणजे असा वाडा नाही की जेथे कोणी ना कोणी सुतकात नव्हते. जूनमध्ये मुंबई निवळू लागली तेव्हाही रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर हे जिल्हे महाराष्ट्रातील अधिक बाधित जिल्ह्यांत मोडत होते. प्रथम वाचलेला किनारा शेवटी सावरला.

येथे कोणी म्हणेल की लाट यावयाचीच होती, मग आधी वाचल्याचा उपयोग काय? उपयोग फार मोठा होता. बेर्गामोच्या डॉक्टरांना मार्च २०२० मध्ये रोगाचे स्वरूपही नीट ठाऊक नव्हते. कोणास प्राणवायू केव्हा द्यावा, कोणते औषध गुणकारी, कोणते निरुपयोगी, हे त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी प्राणांची किंमत देऊन शिकून घेतले. उशिरा गाठल्या गेलेल्या प्रदेशास हे सारे ज्ञान आयते मिळाले होते. लसही त्या वर्षाच्या जानेवारीपासून देशात उपलब्ध होऊ लागली होती. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, ही आपली म्हण आहे. मात्र शहाणे होण्यासाठी मागच्याने पुढच्याच्या पायाकडे पाहावे लागते. आपणास ठेच लागली नाही ती आपल्या चालण्याच्या ऐटीमुळे, असे त्यास वाटू लागले तर तो त्याच दगडावर अधिक जोराने आपटतो.

साथी पुन्हा येणार आहेत. १९१८, १९५७, १९६८, २००९ आणि २०२० हा क्रम पाहिला तर श्वसनमार्गाच्या साथींना विसावा फार काळ नसतो हे दिसते. दाबोळीबरोबर मोपाचा विमानतळही आता सुरू झाला आहे. म्हणजे जगाशी आपला संबंध वाढला आहे, आणि पुढच्या खेपेस कदाचित आपणच पहिल्या ठेचेचे धनी होऊ. म्हणून शासनाने काही गोष्टी आजच, कोणताही गाजावाजा नसताना, हाती घ्यावयास हव्यात. विमानतळ, बंदर व दाट वस्त्या यांच्या सांडपाण्याची नियमित तपासणी झाली तर रुग्ण दिसू लागण्यापूर्वी रोगाची चाहूल लागते. ती व्यवस्था कायमस्वरूपी असावी. सत्तरी, सांगे, काणकोण येथील रुग्ण श्वास घेण्यासाठी बांबोळीपर्यंत यावा लागू नये एवढी प्राणवायूची व मनुष्यबळाची सोय तालुक्यांत असावी. गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव व कारवार या प्रदेशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र बसून, सीमा बंद करण्याची वेळ आली तरी रुग्ण, भाजी, दूध आणि औषध यांची वाट कशी मोकळी राहील हे आधीच लिहून ठेवावे. मृत्यूंच्या नोंदी वेळेवर आणि उघडपणे प्रसिद्ध व्हाव्यात. आकडा लपविल्याने रोग लपत नाही. आणि मांगूर हिलसारख्या वस्त्यांतील कष्टकऱ्यांना हवा, पाणी आणि निजावयास पुरेशी जागा मिळणे हा केवळ त्यांच्यावरील उपकार नसून साऱ्या राज्याच्या आरोग्याचा पाया आहे, हे मान्य व्हावे.

यांतील एकही गोष्ट अशक्य नाही, आणि काहींना तर फारसा पैसाही लागत नाही. लागते ती शांत काळातील जागरूकता, जी निवडणुकीच्या सभेत टाळ्या मिळवून देत नाही. पुढच्या साथीचा पहिला नकाशा जेव्हा प्रसिद्ध होईल आणि त्यात आपला प्रदेश कदाचित पुन्हा हिरवा दिसेल, तेव्हा राज्यकर्त्यांनी अभिनंदनाचे ठराव बाजूस ठेवून गोमेकॉतील प्राणवायूच्या टाकीची पातळी आणि तालुक्यांच्या रुग्णालयांतील खाटांची संख्या प्रथम विचारावी. मे २०२१ मध्ये ज्यांनी माणसे गमावली त्यांची एवढी अपेक्षा पुरी करणे हे राज्याचे कर्तव्य आहे.